दोन दातांची एक शीळ

सुमीच्या हसण्यात एक बारीक रेघ होती. हुरड्याच्या दिवसांतल्या तिरप्या उन्हात ती प्रथम माझ्या नजरेस पडली, आणि लेकीच्या दातांत केस अडकला असं समजून मी तो नखानं काढायला गेलो. तिनं बोट असं कडकडून चावलं, की दुसऱ्या दिवशी कारखान्यात पट्टी बांधूनच उभा राहिलो. सोबत्यांना सांगितलं, पत्रा लागला.

तो केस नव्हता. खालच्या रांगेतले दुधाचे दोन दात हिरडीच्या अंधारातच एकमेकांना बिलगून, एकच रुंद दात होऊन उगवले होते; रेघ म्हणजे त्यांच्यातली सांध. डॉक्टर म्हणाले, घाबरायचं कारण नाही, सांध तेवढी स्वच्छ ठेवा. मात्र पक्के दात दोन येतील की एकच, ते आल्यावरच कळेल. माझ्या बायकोला, शांताला, तेव्हापासून एकच घोर लागला: पोरीच्या तोंडात जन्माची फट राहिली तर?

सुमीला त्याचं काहीच नव्हतं. विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चात माझ्या खांद्यावर बसून ती घोषणा द्यायची, तेव्हा त्या रुंद दातावर दुपार लखकन उमटायची. चिकलठाण्याकडचा नव्या कारखान्यांचा धूर, भिंतीभिंतींवरची निळी अक्षरं, अफवांनी मिटलेली दुकानं. त्या अस्वस्थ वर्षांचं शहर मला आजही दिसतं ते त्या इवल्या उजेडात.

सातव्या वर्षी तो दात पडला. पडलेला दात शेणाच्या गोळ्यात घालून छपरावर फेकायचा, म्हणजे उंदीर नवा देतो, अशी जुनी रीत. आमच्या बौद्ध वस्तीत असल्या रीतींविरुद्ध सभांतून घसा कोरडा करणारा मीच. शांतानं गोळा वळलेला पाहून मी तोंड उघडणार, तोच सुमी म्हणाली, "बाबा, दोन फेका. दात दोन होते ना."

चळवळीच्या कार्यकर्त्यानं दोन गोळे फेकले. दुसरा, रिकामा, पत्र्यावरून घरंगळत माझ्याच पांढऱ्या सदऱ्यावर आला.

नवा दात एकच उगवला. शेजारची जागा मोकळी राहिली, आणि त्या मोकळ्या जागेतून सुमी शीळ घालायला शिकली. संध्याकाळचा भोंगा विरला, की गल्लीच्या कोपऱ्यावरून तो कोवळा, किंचित फाटका स्वर यायचा, आणि शांता आत बसल्या बसल्याच चहाचं आधण वाढवायची. पुढं नामांतर झालं. नव्या नावाच्या विद्यापीठातूनही ती शीळ रोज घरी येत राहिली. मग सुमी लग्न होऊन पुण्याला गेली, सणावारी येऊ लागली, तीही कोपऱ्यावरून शीळ घालतच.

परवा सुमीचा फोन आला. फट बुजवून घेतली म्हणाली, आता मोकळेपणानं हसता येतं. हसली, तेही ऐकवलं.

फोन ठेवून मी शांताला समजावू लागलो, की काळ माणसाला हळूहळू पूर्ण करीत नेतो, आणि आपल्या स्मृतीला मात्र त्याच्या उणिवेतच घर सापडलेलं असतं. आणखीही बरंच बोललो असतो.

"ते ऱ्हाऊ द्या," शांता म्हणाली. "पोरगी कोपऱ्यावर आली, हे आता मला आतून कळायचं कसं?"