परडीतले तांदूळ

“आपला हात जगन्नाथ,” हे गुंडूरावांचं पालुपद अख्ख्या चामराजपेटेला पाठ होतं. तरुणपणी तालमीतला मोठा दगड एका दमात खांद्यावर घेतला होता, तेव्हापासूनची ही मिजास. आता केस पिकले, निम्मे दात गेले, मिजास तेवढी जागच्या जागी.

पावसाळ्यात त्यांच्या बायकोला, सुनंदाबाईंना, अर्धांगवायू झाला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. पोटी मूलबाळ नाही. खालच्या मजल्यावरच्या सत्यवती अक्का धावत आल्या. “रोज सकाळी मी नि आमचा रघुजी वर येतो, त्यांना उचलून बसवायला,” म्हणाल्या. गुंडूरावांनी त्यांना उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं. “नको अक्का. माझी बायको उचलायला मी समर्थ आहे.” दोन-चारदा असं झाल्यावर शेजारी येईनासे झाले. येतील तरी कशाला? दारात उभं राहून कुणाला वाकडं तोंड बघायची हौस असते?

मग घर मुकंच झालं. सकाळी पलंगावरून खुर्चीत, दुपारी खुर्चीतून पलंगावर, मध्ये गुरगुट्या भात आणि औषध. गुंडूराव बायकोशी बोलत, उत्तर येत नसे. मग तिच्या वाटचं उत्तरही तेच देत आणि मागाहून खट्टू होऊन बसत. माणूस समोर असताना एकटं पडावं, यासारखं वाईट काही नाही. खालून हसण्याचा आवाज आला की ते खिडकी लावून घेत.

नवरात्रातला मंगळवार उजाडला. सुनंदाबाई सकाळपासून डावा हात देव्हाऱ्याकडे करत होत्या. गुंडूरावांना कळत होतं, पण वळत नव्हतं. तिथे परडी होती, वेताची, देवीची. दर नवरात्रात सुनंदाबाई ती घेऊन अनवाणी पाच घरी जात आणि अंबाबाईचा जोगवा मागत. घरात तांदळाचं पोतं असलं तरी मागायचं, असा घराण्याचा नेम. देवीपुढे हात पसरायला लाजू नये, एवढंच त्या म्हणत.

“मी जाऊ? मी जन्मात कुणाकडे चिमूटभर मीठ मागितलं नाही,” गुंडूराव म्हणाले. तिचा हात काही खाली येईना. शेवटी परडी घेऊन ते निघाले.

सत्यवती अक्कांच्या दाराशी जाऊन उभे राहिले. आत कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी खोकलं. ‘जोगवा’ हा शब्द घशाशी आला आणि तिथेच बसला. गुंडूराव मागे वळले, कोपऱ्यावरच्या दुकानातून चांगला सोना मसुरी तांदूळ घेतला आणि परडी भरून वर आले. देवीला काय, तांदळाशी कारण!

सुनंदाबाईंनी डाव्या हाताची बोटं परडीत घातली. दरसालच्या जोगव्यात कुणाचा बारीक तांदूळ, कुणाचा रेशनचा जाडा, कुणाची ज्वारी, कुणाची मूठभर रागी. इथे एकजात एकच दाणा. त्यांनी बोटं काढून घेतली आणि तोंड भिंतीकडे केलं. डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसायलाही त्यांचा हात हलला नाही.

“माझ्या हातचं देवीला चालत नाही का?” गुंडूराव खेकसले. तिला जेवायला बसवायचं होतं. रागारागात त्यांनी तिच्या काखेत हात घातले, उचललं, आणि कमरेत अशी कळ उठली की पाय दुमडले. दोघंही जमिनीवर. नशीब, ती त्यांच्या अंगावर पडली, लागलं नाही. त्यांनी पुन्हा जोर लावला. पुन्हा पुन्हा लावला. ती तसूभरही उचलली जाईना. तिचं डोकं त्यांच्या छातीवर होतं आणि ती भ्यायली होती.

देव्हाऱ्यातली देवी समोरच होती. गुंडूरावांना रडू फुटलं. “आई, माझ्यानं होत नाही गं,” ते म्हणाले. “आता तूच बघ.”

सुनंदाबाईंच्या डोक्याखाली उशी सारून ते रांगत दारापर्यंत गेले, कडी काढली. कुणाला, काय म्हणून हाक मारायची? तोंडातून निघालं ते सकाळी घशात अडकलेलंच.

“अंबाबाईचा जोगवा!”

सत्यवती अक्का मुठीत ज्वारी घेऊनच वर आल्या. जोगव्याला रिकाम्या हातानं कोण येतं? जमिनीवर बसलेले गुंडूराव पाहून त्यांची मूठ तशीच राहिली.

“अक्का,” गुंडूरावांनी दोन्ही हात पसरले, “तिला उचलायला या.”

अक्कांनी ज्वारी त्यांच्या ओंजळीत ओतली आणि रघुजीला हाक मारली. मायलेकांनी सुनंदाबाईंना खुर्चीत बसवलं. एक शब्द टोचून बोलले नाहीत.

गुंडूरावांनी परडी डब्यात रिकामी केली, ज्वारी तिच्यात घातली. मग कमरेवर हात ठेवून, बायकोला पहिल्यांदाच दुसऱ्याच्या हवाली करून, अनवाणी उरलेली घरं फिरून आले. प्रत्येक दारात आवाज कापला, पण निघाला.

सुनंदाबाईंनी परडीत बोटं घातली. जाडा तांदूळ, बारीक तांदूळ, ज्वारी, रागी. बोटं आतच फिरत राहिली, आणि अर्ध्या तोंडानं त्या हसल्या.

अक्का निघाल्या. उंबऱ्यात थबकून, जरा भीतभीतच त्यांनी विचारलं, “उद्या सकाळी येऊ का?”

“या,” गुंडूराव म्हणाले. “दार उघडंच ठेवतो.”