दुसऱ्या अक्षरावरचा जोर

हसीब गेल्याला चाळीस दिवस झाले आणि इटलीहून पत्र आलं. तो तिकडे गाईंच्या गोठ्यावर कामाला होता. दाट धुक्यात ट्रॅक्टर कालव्यात उलटून त्याचा जीव गेला होता. पत्र गोठ्याच्या मालकिणीचं होतं, सत्तरीतल्या जिनाबाईंचं.

त्याच्या वडिलांचं, सत्तारभाईंचं, चाळीसगावात गाद्या भरायचं दुकान. घरात इटालियन वाचता येणारी एकटी मिसबाह, हसीबची धाकटी बहीण. त्यानंच दर शुक्रवारी फोनवर तिला शिकवलं होतं. शब्द तोडून म्हण, फ्रा-तेल-लो. दोन ल आले की एक इकडे, एक तिकडे. फ्रातेल्लो म्हणजे भाऊ.

तिनं पत्र सावकाश वाचलं. त्या सकाळी हसीब धुकं निवळेपर्यंत थांबू म्हणत होता, जिनाबाईंनीच त्याला चारा आणायला पाठवलं. शेवटी एकच शब्द तीनदा लिहिला होता, पेर्दोनो. मिसबाहनं पहिल्या अक्षरावर जोर देऊन तो वाचला आणि अर्थ सांगितला, "ते गमावतात."

"कोण गमावतं?" सत्तारभाईंनी विचारलं. त्यांचा आवाज ऐकून तिनं पत्राची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी इटालियनचं पुस्तक चाळताना तिला चूक कळली. हा जोर लिहिण्यात दिसत नाही, बोलण्यातच कळतो. तोच मधल्या अक्षरावर दिला, पेर-दो-नो, की अर्थ होतो क्षमा. बाई क्षमा मागत होत्या.

हे घरात सांगताना तिला रडू आवरेना. तिच्या अम्मीनं, रईसाबींनी, पत्र हातात घेतलं. मग उत्तर पाठव म्हणाल्या. पत्रात फोन नंबर होताच. मिसबाहनं शब्द तयार केला, पेर्दोनियामो. शेवटी 'यामो' लावलं की 'आम्ही' क्षमा करतो.

"त्या 'आम्ही'त मला धरू नको," सत्तारभाई म्हणाले. "पोरगा नको म्हणत होता. तरी तिनं पाठवलं."

कुणी त्यांना समजवायला गेलं नाही. थोड्या वेळानं रईसाबींनी विचारलं, फक्त 'मी' म्हणायचं तर काय लावायचं? शेवटी नुसता 'ओ', मिसबाह म्हणाली. पेर्दोनो. मागणारीचा आणि देणारीचा शब्द एकच होता.

रईसाबींचा जोर पुन्हा पुन्हा पहिल्या अक्षरावर पडे. मिसबाह त्यांच्या तळहातावर तीनदा बोट टेकवी, मधलं जरा दाबून. पाठमोरे बसून सत्तारभाई गादीला टाके घालत होते. तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजानंतर अम्मीनं एका दमात तो शब्द म्हटला आणि मिसबाहनं आवाज रेकॉर्ड करून पाठवला.

सकाळी उत्तर आलं. त्यात रडणंच जास्त होतं, आणि मधून मधून हसीबचं नाव, तिकडच्या बोलण्यातल्यासारखा ह गाळून. सत्तारभाईंनी ते दोनदा ऐकलं.

"मला अजून जमत नाही, असं कळव तिला," ते म्हणाले. "पण तिनं काही लपवलं नाही, हे मला कळलं, तेही लिही."

मिसबाह दोन्ही वाक्यं लिहायला बसली. पहिल्याला जास्त वेळ लागला.