खर्जावरचा टॉवेल

आमच्या घरात सोफा होता, त्या जागी आता मारिंबा आहे. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो: शिडी आडवी करावी, तिला चाकं लावावीत, पायऱ्यांच्या जागी लाकडी पट्ट्या बसवाव्यात आणि प्रत्येक पट्टीखाली एक नळी टांगावी. वाजवणाऱ्याच्या प्रत्येक हातात दोन काठ्या, काठ्यांच्या डोक्याला लोकर. पाहुणे आले की अर्धे याच्या अलीकडे बसतात, अर्धे पलीकडे, आणि एकमेकांची ख्यालीखुशाली वाद्यावरून विचारतात.

वाद्य हिच्या जुन्या मास्तरांचं. ही म्हणजे माझी बायको. ती वाद्यवृंदात शेवटच्या रांगेत उभी असते. एकदा अख्खा पाऊण तास ताटकळून तिने एकदाच ट्रँगल, म्हणजे तो टिंग वाजणारा लोखंडी त्रिकोण, वाजवला, तोही कुणाच्या तरी खोकल्यात बुडाला. घरी येऊन म्हणाली, "आज मस्त जमलं." अशा माणसाशी संसार करताना तक्रारीला जागाच राहत नाही.

मग नवे संचालक आले. शेवटच्या रांगेत फार गर्दी आहे असं त्यांचं मत पडलं. तिथे दोघंच होती: ही आणि एक झांजवाले. दोघांनी परीक्षकांसमोर एकट्याने मारिंबा वाजवायचा. एकजण राहील, दुसऱ्याला पुष्पगुच्छ.

"तुम्हाला काय वाटतं?" हिने विचारलं.

"तूच राहशील."

"मी मत विचारलं, धीर नाही मागितला."

मत असं होतं की आमच्या शहरात दुसरा वाद्यवृंद नाही, आणि ट्रँगल घेऊन कुणी स्वतंत्र व्यवसाय केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. म्हणून मी धीरच दिला होता.

हिने निवडलेल्या रचनेत वर उजव्या हाताची हळवी चाल होती, खाली डाव्या हाताचा खर्ज, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा. शेवटी खर्जातच काठ्यांची एक लांब थरथर, ती विरत विरत जाणार. पहिल्याच संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर वर आले.

"वहिनी, तुमचं वरचं गोड वाटतं हो. पण खालचं थेट माझ्या छातीत वाजतं."

ते गेल्यावर माझ्या आईने न्हाणीघरातून जाडजूड टॉवेल आणला, दुमडला आणि खर्जाच्या पट्ट्यांवर पसरला. "घे गं. आता वाजणार नाही कुणाच्या छातीत." टॉवेल माझा होता. त्यानंतर मी रुमालाहून थोड्या मोठ्या अशा एका कापडाने अंग पुसत आलो आहे.

हिने त्या रचनेची हाडं वेगळी केली, धुतली, पुन्हा जोडली. एकेका वळणावर दिवसच्या दिवस. जेवताना चमचा ताटावर पडायचा तोही तालात. मधेच थांबायची. "खालचं ऐकू येत नाही नीट." मग डावं मनगट आणखी वरून. असं करता करता एकदाचा खर्ज टॉवेलमधून व्यवस्थित येऊ लागला. हिचे मास्तर येऊन ऐकून गेले. "तोल साधलास बरं का पोरी," म्हणाले. आईने त्यांना दोनदा चहा दिला. टॉवेलकडे कुणाचं लक्षच नव्हतं. घरातली वस्तू एका जागी फार दिवस राहिली की ती त्या जागेचीच होते.

परीक्षेच्या आदल्या दुपारी सभागृहातलं वाद्य थोडा वेळ सरावाला मिळालं. मी पिशवी धरायला गेलो होतो. हिने सुरुवात केली आणि डावा हात खाली आला.

वर कुणी अंगाई म्हणतंय आणि खाली कुणी कपाट सरकवतंय, असं काहीतरी झालं.

ही थांबली. पुन्हा सुरुवात. पुन्हा कपाट. दाराशी पाळी यायची वाट बघत झांजवाले उभे होते. ते प्रेमाने म्हणाले, "वहिनी, खर्ज दणदणीत आहे हं." ज्याचं आयुष्य झांजांमध्ये गेलं त्या माणसाने हे म्हणावं!

ही तिथेच खाली बसली. "अहो, टॉवेल."

"कुठला?"

"आपला! मी सगळं टॉवेलवर बसवलंय."

"मग डावा हात हळू ठेव ना."

"तुम्ही डावा पाय हळू टाका, उजवा नेहमीसारखा, आणि तोंडाने गाणं म्हणत चाला. जमतंय का बघा."

मी व्हरांड्यात जाऊन खरोखर करून बघितलं. दरवान म्हणाला, "साहेब, बसता का जरा?"

जास्त मऊ काठ्या घेतल्या, तर सगळ्या सुरांचा चिखल झाला. घरी येऊन मास्तरांना फोन. "अगं, हात कानाचं ऐकतो," ते म्हणाले. "तुझ्या कानाला कापडाची सवय झाली. ती उद्यापर्यंत कशी जाणार?"

"पण मास्तर, तोल साधला असं तुम्हीच म्हणालात!"

"मला वाटलं ते वाद्याचं झाकण आहे."

त्या संध्याकाळी ही रडली. म्हणजे डोळ्यांनी नाही. डावा हात उजव्या हातात घट्ट धरून बसली होती, एखाद्या खोडकर पोराला धरावं तसा.

दुसऱ्या दिवशी ती स्टेजवर गेली आणि पिशवीतून टॉवेल काढून खर्जावर पसरला.

"हे काय?" संचालक.

"टॉवेल."

"ते दिसतंय."

"मी याच्यावर बसवलंय. याच्याशिवाय मला येत नाही."

एवढं खरं त्या सभागृहात पूर्वी कुणी बोललं असेल असं वाटत नाही. एका परीक्षकाने चष्मा पुसला.

हिने वाजवलं. सुरेख वाजवलं. पण मला शेवट ठाऊक होता. ती थरथर घुमायला हवी. टॉवेलवर ती गादीवर ओतलेल्या बटाट्यांसारखी वाजणार. त्याआधी रचनेत एक विराम होता. त्या विरामात हिने डाव्या हातातल्या काठ्या टाकल्या, टॉवेल ओढला, जमिनीवर पडू दिला, आणि डावा हात पाठीमागे नेला. मग जो कधी जोरात पडलाच नव्हता तो उजवा हात एकटा खर्जात उतरला.

हेडमास्तर काय म्हणत होते ते मला तेव्हा कळलं. बरोबर छातीतच.

मग संचालक म्हणाले, "शेवट ऐकून वाटलं, सगळंच असं ऐकायला मिळालं असतं तर."

"मलाही," ही म्हणाली.

जागा झांजवाल्यांना मिळाली. पुष्पगुच्छ इतका मोठा होता की तो मलाच धरावा लागला.

घरी आल्यावर ही चपलांसकट वाद्यापाशी गेली. खर्ज उघडा होता. डाव्या हाताने एकच पट्टी. धाडकन. पुन्हा. खालून छतावर काठी वाजली. ही थांबली, ऐकलं आणि पुन्हा तीच पट्टी.

"अरे, तुझा टॉवेल कुठाय?" आईने मला विचारलं.

"स्टेजवरच राहिला. आणतो जाऊन."

"राहू द्या," ही वर न बघता म्हणाली.

आणि हात उचलला. खाली आला तो अजून जोरातच.