टोबिन राहिला

"टोबिनला देऊन टाकावं," शशिकांत म्हणाला.

वेदने पेपरातून मान वर केली. बापाच्या डायलिसिसच्या खुर्चीशेजारी प्लॅस्टिकच्या स्टुलावर तो अर्धा तास बसून होता. "बाबा, हे तुम्ही म्हणताय? तुम्ही?"

"मीच म्हणतोय. द्यावा तो पोरगा आणि हॅलोरनला आणावं. जन्मात एकदा तरी जिंकायला नको का?"

अकरा वर्षं या बापलेकांचा हाच वाद चालला होता, फक्त बाजू उलट्या होत्या. शशिकांत इंग्लंडमधल्या स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमध्ये सुट्या भागांच्या गोदामात स्टोअरकीपर होता. दुपारपाळी करून आला की त्याला झोप यायची नाही, आणि बारा वर्षांच्या वेदला दमा झोपू द्यायचा नाही. त्या वेळी टीव्हीवर अमेरिकेतलं बेसबॉल लागायचं. टोपीवर मासा असलेली एक टीम सारखी हरायची, तीच दोघांनी धरली. मराठी मंडळात क्रिकेट सोडून असल्या खेळाच्या नादी लागलेले हे दोघंच. शशिकांतची बायको नंदा त्या टीमला 'मासेवाले' म्हणायची, आणि मासेवाले हरले की दुसऱ्या दिवशी दोघांच्या डब्यात काहीतरी गोड घालायची.

या खेळात एकतीस जुलैपर्यंत टीम आपसात खेळाडूंची अदलाबदल, म्हणजे ट्रेड, करू शकतात. ज्यांना यंदाच जिंकायची घाई असते, ते आपला होतकरू पोरगा देतात आणि उरलेल्या दोन-तीन महिन्यांसाठी एखादा जुनाजाणता गडी आणतात. दर जुलैत वेद म्हणायचा, द्या पोरं, आणा कप. आणि दर जुलैत शशिकांत म्हणायचा, "बियाणं दळून सण करू नये रे. म्हातारा आणून काय होतं? आजचं मरण उद्यावर, एवढंच."

यंदा देण्याजोगा होता टोबिन, एकोणीस वर्षांचा डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. आणण्याजोगा हॅलोरन, अडतिशीचा, गुडघे गेलेला, पण बॅट अजून शाबूत.

एकतीस जुलैचीच आणखी एक मुदत शशिकांतच्या खिशातल्या पत्रात होती. सप्टेंबरातली ट्रान्सप्लांटची तारीख पक्की करायची की नाही, ते गुरुवारी, म्हणजे आजच, पाचच्या आत कळवा. वेदची किडनी जुळली होती. मार्चमध्ये जेवताना, कुणी विचारलं नसताना, त्यानेच सांगून टाकलं होतं, "माझा किडनी घ्या ना. दोन आहे मला." नंदा रडली होती. शशिकांत नाही म्हणाला, पुन्हा नाही म्हणाला, आणि मग तपासण्या होत गेल्या. मध्यंतरी सुया टोचायची हाताची नस दुसऱ्यांदा बंद पडली. हृदय हे फार दिवस सोसणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. आपल्या लोकांत देणारे थोडे, त्यामुळे यादीतून नंबर लागायचा तर वर्षं जाणार.

आणि शशिकांतला जगायचं होतं. हे त्याचं त्यालाच नवं होतं. अठ्ठावन्न वर्षांत त्याने कुणाकडे काही मागितलं नव्हतं, प्रमोशनसुद्धा नाही. पण पाण्याच्या थेंबाथेंबावर बंधन आल्यापासून त्याला रोज सकाळी काठोकाठ भरलेला चहाचा कप दिसायचा. त्या हावेची लाज वाटायची, पण ती सुटत नव्हती. सरळ विचारायची छाती नव्हती, म्हणून आज त्याने टोबिनला पुढे केलं. या घरात अवघड गोष्टी बेसबॉलमधूनच बोलल्या जात. वेद हसेल, 'फायनली!' म्हणेल, की झालं, असं त्याला वाटलं होतं.

वेद हसला नाही. पेपराची घडी घालत आणि उलगडत बसला.

"आय डोन्ट नो, बाबा. तो फक्त नाइन्टीन आहे."

"तूच म्हणायचास ना, द्या पोरं?"

"हो, पण म्हणायला ईझी असतं. त्याचा फुल करिअर आहे पुढे. आणि हॅलोरनचे गुडघे टिकले नाही तर? मग तोही गेला आणि टोबिनपण. व्हॉट्स द पॉइंट?"

मशीन पिंपिं करू लागलं. नर्स येऊन बटण दाबून गेली.

शशिकांतने पोराकडे नीट पाहिलं. नखं मुळापर्यंत कुरतडलेली होती. लहानपणी दम्याचा ॲटॅक यायच्या आधी तो असाच नखं खायचा. गेले पंधरा दिवस मेडनहेडच्या ऑफिसात काम आहे म्हणून घरीही फिरकला नव्हता. पोरगा घाबरला होता. मार्चमध्ये बोलून बसला होता आणि आता मागे फिरायला वाट नव्हती. आई रोज देवापाशी त्याचं नाव घेत होती, मंडळातले लोक पाठ थोपटत होते. क्षणभर शशिकांतला पोटच्या पोराचा राग आला, अगदी शिवी तोंडात येण्याइतका. मग तो ओसरला, आणि नुसतं वाईट वाटत राहिलं.

"वेद, तुला काही बोलायचंय का?"

"नाही. आय सेड आय'ल डू इट. सो आय'ल डू इट." वेद जमिनीकडे बघत होता.

"मी टोबिनबद्दल विचारतोय रे."

"ओह."

"तुझं बरोबर आहे. ठेवावा पोराला."

पार्किंगची वेळ संपत आली म्हणून वेद खाली गेला, तेव्हा शशिकांतने मोकळ्या हाताने मोबाइल काढला आणि ट्रान्सप्लांटचं काम बघणाऱ्या बाईंना फोन लावला. मलाच ऑपरेशन नको, धीर होत नाही, असं सांगितलं. नक्की ना, असं त्यांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तो गोदामातल्या फोनवर बोलायचा त्याच आवाजात म्हणाला, "येस. थँक यू."

घरी आल्यावर त्याने नंदाला सांगितलं तेव्हा ती कणीक मळत होती.

"धीर होत नाही? पोरगा आपण होऊन देतोय आणि तुमचे पाय लटपटतायत? अहो, मी एकटीने मागे राहून काय करायचं, तेवढं सांगा मला!" भरलेल्या हातांनीच तोंड झाकून ती रडली. मग ती त्याला भित्रा म्हणाली, सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच. शशिकांत मान खाली घालून ऐकत राहिला. खरं सांगितलं असतं, तर तो शब्द पोराला लागला असता.

वेद दारातच उभा होता. "बाबा, रिअली? तुम्ही घाबरलात?"

"हो रे. चाकूची भीती वाटते मला."

वेदचे खांदे खाली आले. त्याने बापाच्या पाठीवर हात ठेवला आणि लहान मुलाची समजूत काढावी तसा म्हणाला, "इट्स ओके, बाबा. इट्स ओके टू बी स्केअर्ड."

नऊ वाजता ट्रेडची मुदत संपली. बाहेर अजून उजेड होता. वेद वर कॉम्प्युटरपाशी बसला होता, तो जिन्यावरून ओरडला, "नो ट्रेड! बाबा, टोबिन राहिला!" बऱ्याच दिवसांनी त्याचा आवाज मोकळा लागला होता.

"चांगलं झालं," शशिकांत म्हणाला.

नंदाने त्याच्यापुढे चहा आणून ठेवला आणि ती आत निघून गेली. एवढ्या रागातसुद्धा तिने कप मोजून अर्धाच भरला होता.