धुऱ्यावरची उडी

आंधळगावच्या फुटबॉल क्लबची अकॅडमी म्हणजे अध्यक्ष सेवकरामभाऊंच्या धानाच्या दोन बांध्या, आणि त्यांच्या मधोमध गुडघाभर उंच मातीचा बांध, म्हणजेच धुरा. धानकापणी झाली की पोरी तिथंच खेळायच्या. "भाऊ, तेवढा धुरा काढून द्या नं जी," असं म्हणून म्हणून कोच रश्मीची जीभ झिजली होती. भाऊ नुसते हो म्हणायचे. शेवटी पोरींनीच जुळवून घेतलं. धुरा आला की चेंडू पायानं वर उडवायचा आणि मागोमाग आपणही टुणकन उडी मारायची.

तशात भाऊंच्या डोक्यात भलतंच शिरलं. "साकोलीची फायनल हरल्या तं अकॅडमी बंद! नागपूरवरून तयार पोरी आणतो. लहानाच्या मोठ्या करत कायले बसाचं?"

 या पोरी एवढ्याशा होत्या तेव्हापासून रश्मी शिकवत होती त्यांना!

साकोलीचं मैदान मात्र पोळपाटासारखं सपाट. आणि झालं! गुंजन चेंडू घेऊन सुटली, मधोमध पोचली आणि टुणकन उडाली. समोर ना धुरा, ना माणूस! तिच्यामागून दुसरी उडाली, मग तिसरी. लोक पोट धरून हसायला लागले. भाऊंनी खांद्यावरच्या दुपट्ट्यात तोंड लपवलं.

"अवं गुंजन, काहून उड्या मारून राहिली?" रश्मी ओरडली.

"सवय झाली नं मॅडम!"

मेला तो धुरा! रश्मीला रडावं की हसावं कळेना. शेवटची मिनिटं आली तरी एकही गोल नाही. गुंजन पुन्हा सुटली. साकोलीची गोलकीपर धावत आली आणि तिच्या पायांपुढं आडवीच झोपली, अगदी धुऱ्यासारखी. गुंजननं विचारबिचार काही केला नाही. चेंडू वर, मागोमाग गुंजन वर, आणि दोघंही गोलात!

भाऊ असे नाचले की दुपट्टा कुठं पडला ते त्यांनाच कळलं नाही. "अशी उडी नागपुरात कोण शिकवते? अकॅडमी चालूच राहीन!"

रश्मीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या आनंदात तिनं विचारून टाकलं, "मंग भाऊ, आता तं धुऱ्याचं पाहाल नं?"

"उद्याच पाहतो!"

दुसऱ्या दिवशी भाऊ खरंच फावडं घेऊन बांधीत हजर. रश्मीला काय आनंद झाला, विचारू नका. तिनं पोरींना टाळ्या वाजवायला लावल्या. भाऊंनी बाह्या सरसावल्या, माती खणली आणि गोलपोस्टसमोर रचायला सुरुवात केली.

"भाऊ, हे काय जी?"

"दुसरा धुरा," भाऊ घाम पुसत म्हणाले. "एका धुऱ्यानं एकच गोल होते नं, मॅडम."