वांगाची बाटली

मैनाबाईने रिकामी बाटली ओट्यावर ठेवली आणि हातांचं तेल पदराला पुसलं.

“संपलं माय ते. दुसरं आनजा.”

वर्षालीने बाटली उजेडात धरली. बाळाला चोळून न्हाऊ घालायला येणाऱ्या मैनाबाईच्या गालांवर वांगाचे डाग होते, म्हणून तिने आपलं सीरम मागच्या पंधरवड्यात तिला दिलं होतं. देताना समजावलंही होतं. आठवड्यातून दोनदा, रात्रीच, दोन-तीन थेंब. आधी कानामागे लावून पाहायचं, झोंबलं तर धुऊन टाकायचं. दिवसा उन्हात जाताना सनस्क्रीन. ‘अ‍ॅसिड’ म्हटल्यावर मैनाबाई दचकली, तेव्हा वर्षाली हसली होती.

“सौम्य असते मावशी. दह्या-दुधातलंच आम्ल हाय.”

बाटली काही महिने पुरायला हवी होती. आणि मैनाबाईचे डाग जसेच्या तसे होते.

“मावशी, कोनाले लावलं हे?”

मैनाबाई बाळाला टॉवेलमध्ये गुंडाळू लागली. वर्षालीने बाळ जवळजवळ हिसकावूनच घेतलं. मान पाहिली, काखा पाहिल्या, मांड्यांच्या वळ्या उलगडून पाहिल्या. कातडी नितळ होती.

“तुमच्या लेकीले नाही लावलं, बाई. हे तं गोरीच हाय. मांगच्या गल्लीतल्या दुर्गाबाईच्या नातीले लावतो. लय सावळी झाली बिचारी. बेसनात घालून चोळतो. दुधाचं असते म्हून तुमीच तं सांगतलं.”

बाळाभोवतीचा वर्षालीचा हात सैल झाला. मग तो सैल झाल्याचं तिच्या ध्यानात आलं.

“केवढी हाय ती?”

“सव्वा महिना व्हायचा हाय.”

“आन् रोज लावता?”

“मंग? आंघोय का एक दिवसाआड घालते कोनी?”

वर्षालीने मोबाइल उचलला. मैनाबाईचा चेहरा उतरला.

“माहं नाव नको सांगजा. दुर्गाबाई घरोघर बोलीन. मंग मले कोन बलावते? आन् नाव तुमचंबी येईन, पाहा.”

वर्षालीचा अंगठा क्षणभर नंबरावर थांबला. मग तिने तो दाबला.

“वर्षाली काय वं?” पलीकडून दुर्गाबाईंचा आवाज खुशीत होता. “तुलेच फोन कराचा होता मले. औषध तुह्यं हाय, असं मैनानं सांगतलं. काय गुन आला बाप्पा! वरची काळी साल निंघून राह्यली, आतून गुलाबी निंघून राह्यली पोरगी.”

“काकू, ते लावू नका आता. साध्या पान्यानं धुवा तिले. मी येऊन राहिली, दवाखान्यात नेऊ.”

“दवाखाना कायले? पैले रडे, मी नाही म्हनत नाही. तिच्या मायनं, आरतीनंबी लय किरकिर केली, नको लावू म्हने. मीच तिले दटावलं. आता पाहा, कालपासून पोरगी रडतच नाही. दूधबी मांगत नाही. कोवळं ऊन लागावं म्हून अंगनात निजवली हाय, गप.”

वर्षालीने बाळ मैनाबाईच्या हातात दिलं आणि ती चपला न घालताच बाहेर पडली. अंगणातली फरशी तापली होती.