पावाला मधोमध धरणारी रेघ

कुणीतरी धादांत खोटं बोलतंय. म्हणे, ‘सगळं नजरेनंच लावलं, अगदी मधोमध.’ मग मी काय तिथे हवा खायला उभी होते?

मी गुलाबी रेघ बोलतेय. कॉम्प्युटरवर चित्रं-अक्षरं सरकवताना दोन गोष्टी एका ओळीत आल्या की टुणकन उगवते ती मी. माउस सोडला की संपले. पण काय जगते म्हणून सांगू. जगातल्या दोन गोष्टी जुळल्या याचा आनंद तेवढ्या क्षणात मावत नाही.

परवा माझ्या मालकिणीनं तिच्या मावशीच्या नव्या बेकरीची पाटी करायला घेतली. तिचं हे पहिलंच काम. मामांनी दारातूनच बजावलं, “दुपारपर्यंत झाली तर ठीक, नाहीतर मित्राकडची तयार पाटी आहेच. तुझा खेळ पुरे.”

तिनं पावाचं चित्र नावाच्या वर ओढत आणलं. मध्य सापडला आणि मी वरून खाली सळसळत उभी राहिले. मावशी पिठाचे हात मागे बांधून पाहत होती.

“पाव डावीकडे गेलाय गं.”

“मावशी, रेघ बघ ना. मधोमध आहे.”

“रेघेला डोळे आहेत का? मला आहेत.”

माझा असा पाणउतारा आजवर कुणी केला नव्हता. मालकिणीनं चित्र खोडलं, परत आणलं, परत तेच. मी मध्यावर ठाम, पाव डावीकडेच. घड्याळ पुढे पळत होतं. ती रडकुंडीला आली.

मग तिनं चित्रावर नुसतं क्लिक केलं आणि चित्राभोवतीची चौकट दिसली. फोटोत पावाच्या उजवीकडे सुरी होती. तिनं सुरी पुसली होती, सुरीची जागा मात्र तशीच ठेवली होती. मी बिचारी पाव अधिक न दिसणारी सुरी असा मध्य काढत होते. तिनं ती रिकामी जागा कापून टाकली, पाव पुन्हा ओढला आणि मी अशी उगवले की काय सांगू. मावशी म्हणाली, “आता बसला बघ.” फाइल वेळेत गेली.

माझं मागणं एवढंच आहे: सगळं जुळल्यावर माउस लगेच सोडू नका. जरा जगू द्या मला.

आज सकाळी मावशीचा फोन आला, तो स्पीकरवर होता. पाटी चढली होती. मालकीण धास्तीनं एक चौकोन उगाच इकडून तिकडे ओढत होती, म्हणून मला अधूनमधून ऐकू येत होतं. मागून मामा ओरडत होते, “तिरकी आहे, साफ तिरकी. उतरवा ती.”

मालकिणीचा हात माउस न सोडताच थांबला, मी नेमकी मध्यावर होते. आणि शिडीवरून पाटी लावणाऱ्याचा शांत आवाज आला, “लेव्हल लावून बघितलंय साहेब, पाटी सरळ आहे. भिंत तिरकी आहे. ती उतरवू का?”